फाटकाबाहेरचा माणूस : अमेरिकेतील पहिल्या कामगार संघटना वेगवेगळ्या वाटांनी का गेल्या

संप म्हणजे काम थांबवणे, ही पुस्तकी व्याख्या झाली. प्रत्यक्ष संपावर जाणाऱ्याच्या मनात वेगळाच हिशेब चाललेला असतो: मी यंत्रापासून दूर झाल्यावर माझ्या जागी दुसरा माणूस उभा करायला मालकाला किती दिवस लागतील? मुंबईच्या गिरण्यांच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्यांना ‘बदली’ हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. पाळी सुरू होताना फाटकापाशी आशेने उभा राहणारा तो माणूस आत काम करणाऱ्याचा शत्रू नसे. पण त्याच्या नुसत्या उभे राहण्यानेही आतल्याचा भाव उतरत असे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत फाटकाबाहेरची ही गर्दी कधी आटतच नव्हती. १८८१ ते १८९० या दहा वर्षांतच पन्नास लाखांहून अधिक माणसे परदेशांतून त्या देशात उतरली, आणि त्याच काळात नवनवी यंत्रे अशी येत होती की वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने मिळवलेले कसब काही आठवड्यांत शिकता येईल अशा हालचालींवर येऊन ठेपत होते.

त्या देशातील सुरुवातीच्या कामगार संघटनांमध्ये एवढे मतभेद का होते, त्या मालकांइतक्याच त्वेषाने एकमेकींशी का भांडल्या, हे समजून घ्यायचे असेल तर समाजवाद, अराज्यवाद असे शब्द घटकाभर बाजूला ठेवून या फाटकाबाहेरच्या माणसाकडे पाहावे, असे मला वाटते. त्याला आत घ्यायचे, बाहेरच ठेवायचे, की ज्या फाटकामुळे तो बाहेर राहिला ते फाटकच उखडायचे, याविषयी प्रत्येक संघटनेची भूमिका वेगळी होती आणि तिची वर्गणी, तिचे संप, तिचे करार, इतकेच काय तिचे पूर्वग्रहसुद्धा त्या भूमिकेतून आलेले दिसतात.

या प्रश्नाची पहिली कोर्टकचेरी १८०६ सालची आहे. फिलाडेल्फिया शहरात जोडे शिवणाऱ्या कारागिरांची एक संघटना होती. ठरलेल्या दरापेक्षा कमी दराने काम करणाऱ्या किंवा संघटनेबाहेर राहणाऱ्या कारागिराच्या शेजारी बसून आपले सभासद काम करणार नाहीत, असा तिचा नियम होता. आठ कारागिरांवर ‘कट’ केल्याचा खटला भरला गेला आणि प्रत्येकाला आठ डॉलर दंड झाला. एकट्याने जास्त मजुरी मागणे गुन्हा नव्हता. पण अनेकांनी मिळून मागणे हा कट ठरत होता. पुढे १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याचे सरन्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी बॉस्टनच्या बूट कारागिरांच्या खटल्यात निकाल दिला की संघटना करणे मुळात बेकायदेशीर नाही. तिचा हेतू आणि तिची साधने कायदेशीर असली म्हणजे झाले. संघटनांना जगण्याची मुभा मिळाली खरी, परंतु कोणती साधने कायदेशीर हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयांच्याच हाती राहिला आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षे कामगारांना ही गोष्ट पदोपदी जाणवत राहिली.

यादवी युद्धानंतर, १८६६ मध्ये, बाल्टिमोर येथे ‘नॅशनल लेबर युनियन’ स्थापन झाली. लोखंडाच्या ओतकामातील कारागिरांचे पुढारी विल्यम सिल्विस हे तिचे प्रमुख नेते. आठ तासांचा दिवस, सहकारी कारखाने आणि चलनविषयक सुधारणा हा तिचा कार्यक्रम होता. १८६८ मध्ये केंद्र सरकारच्या मजुरांसाठी आठ तासांचा कायदा झाला, हे तिच्या काळातले ठळक यश. सिल्विस १८६९ मध्ये वारले, संघटनेने राजकीय पक्षाचे रूप घेतले आणि १८७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर ती जवळजवळ नाहीशी झाली.

त्याच १८६९ सालच्या डिसेंबरात फिलाडेल्फियातील नऊ शिंप्यांनी युरायाह स्टीफन्स यांच्या पुढाकाराने एक गुप्त मंडळ काढले. ‘नाइट्स ऑफ लेबर’ म्हणजे श्रमाचे सरदार, हे त्याचे नाव. गुप्ततेमागे नाटकीपणा होता तसेच सावध व्यवहारज्ञानही होते, कारण संघटनेत असल्याचे कळले की मालक कामावरून काढत आणि त्या माणसाचे नाव काळ्या यादीत घालून इतर कारखान्यांनाही कळवत. १८७९ मध्ये सूत्रे टेरेन्स पाउडर्ली यांच्याकडे आली. ते यंत्र कारागीर होते, पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन शहराचे महापौरही होते. त्यांच्या काळात गुप्ततेचे वेष्टन गळून पडले आणि दारे सताड उघडली गेली.

ती किती उघडली, हे आजही थक्क करणारे आहे. कुशल-अकुशल, स्त्री-पुरुष, गोरे-काळे, शेतावरचे-कारखान्यातले, सगळ्यांना प्रवेश होता. स्वतः श्रम करून वर आलेला छोटा मालकसुद्धा सभासद होऊ शकत होता. वकील, बँकवाले, दारूविक्रेते आणि जुगारी यांना मात्र मज्जाव होता. जो काही निर्माण करतो तो आपला आणि जो दुसऱ्याच्या निर्मितीवर जगतो तो परका, अशी त्यांची विभागणी होती. आपल्याकडे ‘मालक विरुद्ध कामगार’ ही जी रेषा सहज ओढली जाते, ती त्यांच्या मनात त्या जागी नव्हतीच. एकाला झालेली इजा ही सर्वांची चिंता, हे त्यांचे बोधवाक्य होते आणि १८८६ मध्ये त्यांनी लिओनोरा बॅरी यांना स्त्री कामगारांमध्ये काम करण्यासाठी नेमले, हे त्या काळाच्या मानाने फार पुढचे पाऊल होते. त्याच वर्षी व्हर्जिनियातील रिचमंड शहरात, म्हणजे यादवी युद्धात दक्षिणेची राजधानी असलेल्या गावात, झालेल्या अधिवेशनात फ्रँक फेरेल या न्यूयॉर्कच्या काळ्या प्रतिनिधीने व्यासपीठावरून पाउडर्ली यांची ओळख करून दिली, तेव्हा दक्षिणेतील वर्तमानपत्रांनी काहूर माजवले.

इतकी माणसे गोळा करून पुढे काय करायचे, या प्रश्नावर मात्र नेते आणि सभासद यांची तोंडे दोन दिशांना होती. पाउडर्ली यांना संप आवडत नसत. संपाने फार तर चार दिवसांची मलमपट्टी होते, खरे औषध म्हणजे कामगारांच्या मालकीचे सहकारी कारखाने, लवादाने तंटे सोडवणे आणि शिक्षण, असे त्यांचे मत होते. मजुरी वाढवण्यापेक्षा मजुरीची पद्धतच संपवायची, असा त्याचा अर्थ. हे स्वप्न मोठे होते यात वाद नाही, पण शनिवारी हातात पडणाऱ्या पाकिटात दहा टक्के कापून आलेल्या माणसाला ते फार लांबचे वाटत असे. गंमत अशी की संघटनेची भरभराट झाली ती नेत्यांना न आवडणाऱ्या संपामुळेच. १८८५ मध्ये जे गूल्ड या बलाढ्य उद्योगपतीच्या नैर्ऋत्येकडील रेल्वेमार्गांवर नाइट्सनी संप करून त्याला नमवले. देशभर बातमी पसरली आणि एका वर्षात सभासदसंख्या सुमारे एक लाखावरून सात लाखांच्या पुढे गेली. त्यांत काळे सभासद साठ हजारांच्या आसपास असावेत, असा अंदाज केला जातो.

एका वर्षात सातपट झालेल्या संघटनेची अवस्था काय होत असेल, याची कल्पना पुराच्या पाण्याने भरलेल्या विहिरीवरून करावी. नवे सभासद संपासाठी आले होते, त्यांना वर्गणीची सवय नव्हती, संपनिधी तुटपुंजा होता आणि मुख्य कचेरीला न विचारता गावोगाव संप पुकारले जात होते. १८८६ च्या वसंतात गूल्डच्याच रेल्वेवर दुसरा संप झाला, तेव्हा त्याने नवी माणसे भरली, सशस्त्र पहारे बसवले आणि इंजिनचालकांची स्वतंत्र संघटना गाड्या चालवत राहिली. संप मोडला. त्याच वर्षी १ मेपासून आठ तासांच्या दिवसासाठी देशभर संप सुरू झाले. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकातील कामगारांच्या सभेत बॉम्बस्फोट झाला, सात पोलीस दगावले, आठ अराज्यवाद्यांना दोषी ठरवले गेले आणि बॉम्ब कोणी टाकला हे सिद्ध न होताच १८८७ च्या नोव्हेंबरात चौघांना फाशी झाली. पाउडर्ली यांनी आठ तासांच्या मागणीसाठी १ मे रोजी संप न करण्याचा सल्ला खासगी पत्रकाने दिलेला होता, तरीही जनमताचा रोष नाइट्सवर आला. उलट सभासदांना नेत्याने ऐनवेळी पाठ फिरवल्यासारखे वाटले. १८९० पर्यंत संघटना पुन्हा सुमारे एक लाखावर आली.

लुइझियानातील उसाच्या मळ्यांची हकीकत अमेरिकी इतिहासाच्या पुस्तकांतही फार उशिरा आली, म्हणून ती येथे सांगितली पाहिजे. १८८७ मध्ये तेथे नाइट्सच्या नेतृत्वाखाली सुमारे दहा हजार ऊसतोड मजुरांनी, ज्यांतले बहुसंख्य काळे होते, ऐन हंगामात संप केला. २३ नोव्हेंबरला थिबोडो या गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी डझनावारी काळ्या माणसांना ठार केले आणि त्या भागात मळ्यांवरची संघटना कित्येक दशके पुन्हा उभी राहू शकली नाही. सर्वांना आत घेणे हे धोरण म्हणून सुंदर असते, पण आत घेतलेल्याचे रक्षण करण्याची ताकद संघटनेकडे नसेल, तर त्याची किंमत सर्वांत दुबळा सभासद मोजतो. आणि नाइट्सच्या ‘सर्वांत’ चिनी कामगार नव्हतेच. १८८५ मध्ये वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे गोऱ्या खाणकामगारांनी, ज्यांत नाइट्सचे सभासदही होते, २८ चिनी खाणकामगारांची हत्या केली.

आता न्यूयॉर्कच्या सिगार वळणाऱ्या कारागिरांकडे यायला हवे, कारण अमेरिकी संघटनांचे टिकलेले रूप त्यांच्या बाकांवर घडले. सॅम्युअल गॉम्पर्स यांचा जन्म १८५० चा, लंडनचा. १८६३ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला आले आणि मुलगा वडिलांबरोबर सिगार वळू लागला. या धंद्यात हात चालू असतात पण खोली शांत असते, म्हणून कारागीर आपल्यातल्याच एकाला पुस्तके आणि वर्तमानपत्रे मोठ्याने वाचायला बसवत. मजुरी नगावर मिळत असल्याने वाचणाऱ्याचे नुकसान होऊ नये, यासाठी इतर जण आपापल्या सिगारींतून त्याचा वाटा भरून काढत. गॉम्पर्स पुष्कळदा वाचायला बसत. त्यांनी मार्क्सही तेथेच ऐकला, आणि त्यातून त्यांनी उचलले ते नेमके एवढेच की मजुराचे हित मजुरांच्या संघटनेतच आहे. क्रांतीचा भाग त्यांनी बाजूला ठेवला.

त्याला कारण घडले. १८७० च्या दशकात सिगारीचा साचा आला आणि कसबी हाताची गरज कमी झाली. मालक भाड्याच्या दाटीवाटीच्या इमारती घेऊन तेथील खोल्यांत स्थलांतरित कुटुंबांना बसवत, म्हणजे मालक आणि घरमालक एकच. मुलाबाळांसह सारे घर तंबाखूच्या धुळीत काम करत असे. १८७७ मध्ये मोठा संप झाला, तेव्हा संपकऱ्यांना घराबाहेरही काढले गेले आणि संप फसला. या पराभवातून गॉम्पर्स आणि त्यांचे सहकारी अडॉल्फ स्ट्रॅसर यांनी जो धडा घेतला, तो नाइट्सच्या नेमका उलट होता. संघटना रुंद करण्याआधी ती खोल केली पाहिजे, असे त्यांनी ठरवले. वर्गणी वाढवली. मध्यवर्ती मंडळाच्या मंजुरीशिवाय शाखेने संप करायचा नाही, असा नियम केला. श्रीमंत शाखेचा पैसा गरजू शाखेला देण्याची सोय केली. आजारपणात मदत, मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम, कामाच्या शोधात गावोगाव फिरणाऱ्या सभासदाला उसने पैसे आणि १८८९ पासून बेकारीच्या काळातला भत्ता, अशा गोष्टी एकेक करून सुरू केल्या.

या गोष्टी वरवर पाहता भिशी किंवा पतपेढीसारख्या वाटतात, पण त्यांतच खरी क्लृप्ती होती. मंदी आली की सभासद आधी वर्गणी थांबवतो आणि मग संघटना सोडतो, हा सर्वांचा अनुभव. परंतु ज्याची आजारपणाची आणि मरणानंतरची सोय संघटनेत अडकलेली आहे, तो मंदीतही पोटाला चिमटा घेऊन वर्गणी भरतो. १८९३ ची भीषण मंदी आली, तेव्हा आधीच्या प्रत्येक मंदीत संघटनांचा पाचोळा झाला होता, या वेळी मात्र त्यांतल्या बहुतेक टिकून राहिल्या. १८८३ मध्ये सिनेटच्या समितीने स्ट्रॅसर यांना त्यांचे अंतिम ध्येय विचारले होते. आम्हाला अंतिम ध्येय नाही, आम्ही एकेक दिवस पुढे जातो आणि काही वर्षांत हाती येतील अशाच गोष्टींसाठी लढतो, असे त्यांनी सांगितले. हे उत्तर पुढे फार टिंगलीचे झाले. मला त्यात टिंगल करण्यासारखे काही दिसत नाही, पण त्यातली पोकळी मात्र दिसते.

कायद्यावरचा त्यांचा विश्वासही याच काळात उडाला. खोल्यांमधील सिगार उत्पादनावर बंदी घालणारा कायदा व्हावा म्हणून गॉम्पर्स यांनी घरोघर फिरून पाहणी केली, आमदारांचे उंबरठे झिजवले आणि न्यूयॉर्क राज्याने तसा कायदा केलाही. न्यायालयाने तो तांत्रिक कारणावरून रद्द केला. पुन्हा कायदा झाला आणि १८८५ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तोही रद्द केला. माणसाला त्याच्या घरात काम करण्यापासून रोखणे म्हणजे त्याच्या स्वातंत्र्यावर आणि मालमत्तेवर घाला आहे, असे कारण देण्यात आले. तेव्हा संघटनेने संप आणि दबाव यांनी मालकांना इतके बेजार केले की ती पद्धत परवडेनाशी झाली. सरकारकडून मिळालेले न्यायाधीश काढून घेऊ शकतो, मालकाकडून करारात मिळवलेले तो सहसा काढून घेत नाही, असा निष्कर्ष गॉम्पर्स यांनी काढला आणि आयुष्यभर तो सोडला नाही. कामाचे तास किंवा बेकारीचा विमा कायद्याने ठरवावा, या मागणीला कामगारांच्याच सर्वांत मोठ्या संघटनेने दीर्घकाळ विरोध का केला, हे कोडे या अनुभवाशिवाय सुटत नाही.

८ डिसेंबर १८८६ रोजी ओहायोतील कोलंबस येथे ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर’ स्थापन झाली. तात्कालिक निमित्त नाइट्सशी झालेल्या भांडणाचे होते, कारण न्यूयॉर्कमध्ये सिगार कामगारांच्या प्रतिस्पर्धी गटाला नाइट्सनी उघड पाठबळ दिले होते. नावाप्रमाणेच हा संघांचा संघ होता: सुतारांचा वेगळा, गवंड्यांचा वेगळा, छपाईवाल्यांचा वेगळा, आणि प्रत्येक संघ आपल्या कारभारात स्वतंत्र. १८९५ हे एक वर्ष सोडल्यास गॉम्पर्स १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत अध्यक्ष राहिले. फेडरेशनचा मार्ग थोडक्यात असा: ज्याची जागा चटकन भरता येत नाही अशा कारागिरांना एकत्र करायचे, उमेदवारीच्या नियमांनी त्या कसबाच्या दारावर पहारा ठेवायचा, मालकाशी मुदतीचा लेखी करार करायचा आणि संघटनेच्या सभासदालाच काम मिळेल अशी अट त्यात घालायची. सिगारच्या डब्यांवरची निळी चिठ्ठी हे त्याचेच एक अंग. ती पाहून गिऱ्हाइकाने माल घ्यावा, म्हणजे संपाशिवायही मालकावर वचक राहतो. निवडणुकीत स्वतःचा पक्ष न काढता मित्रांना बक्षीस आणि शत्रूंना शिक्षा द्यायची, एवढेच राजकारण.

आठ तासांचा लढाही त्यांनी याच बेताने लढवला. सगळ्यांनी एकदम संप करण्यापेक्षा एका वेळी एकाच भरभक्कम संघाने लढावे आणि बाकीच्यांनी पैसा पुरवावा, असे ठरले आणि १ मे १८९० साठी सुतारांची निवड झाली. अनेक शहरांत सुतारांनी आठ किंवा नऊ तासांचा दिवस मिळवला. फेडरेशनने ही तारीख आधीच ठरवलेली होती, म्हणून १८८९ मध्ये पॅरिसला जमलेल्या समाजवाद्यांनी जगभरच्या निदर्शनांसाठी तीच उचलली. महाराष्ट्र दिनाबरोबर आपण जो कामगार दिन पाळतो त्याची तारीख अशी आली आहे. खुद्द अमेरिकेत मात्र अधिकृत कामगार दिन सप्टेंबरातला पहिला सोमवार आहे.

१८९७ मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेली फेडरेशनची सभासदसंख्या १९०४ मध्ये सोळा लाखांवर गेली. पण या यशाचे दुसरे अंगही त्याच हिशेबातून आलेले होते. कसबाच्या दारावर पहारा ठेवायचा म्हटले की कोणाला आत घ्यायचे नाही याची यादी तयार होतेच, आणि त्या यादीत काळे कामगार, स्त्रिया आणि पूर्व व दक्षिण युरोपातून आलेले अकुशल मजूर आपोआप जाऊन बसले. कित्येक संघांच्या घटनेत किंवा दीक्षाविधीत वर्णभेद उघड होता. संघटनेने बाहेर ठेवलेला काळा कामगार मग संपाच्या वेळी मालकाने बोलावल्यावर आत गेला, की त्याला संपफोड्या ठरवून वर्णद्वेषाला नवे कारण मिळत असे. चिनी स्थलांतरबंदीबाबत तर नाइट्स आणि फेडरेशन यांचे एकमत होते.

आणि कसब हीच ज्यांची भिंत, त्यांची भिंत यंत्राने पोखरली तर? १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड येथे, अँड्र्यू कार्नेगी यांच्या पोलाद कारखान्यात, याचे उत्तर मिळाले. तेथे सुमारे ३,८०० कामगारांपैकी संघटनेत होते जेमतेम आठशे, सारे कुशल. व्यवस्थापक हेन्री फ्रिक यांनी टाळेबंदी केली. ६ जुलैला पिंकर्टन या खासगी संस्थेचे सुमारे तीनशे सशस्त्र लोक नदीतून पडावांवर आले, तेव्हा संघटनेबाहेरचे अकुशल कामगारही काठावर लढले आणि त्यांनी पिंकर्टनवाल्यांना शरण आणले. पण राज्याचे सैन्य आले, नवी भरती झाली आणि संघटना संपली. त्यानंतर चाळीसएक वर्षे अमेरिकेच्या पोलाद उद्योगात संघटनेला पाय रोवता आला नाही.

फेडरेशनच्या छत्राखालीही सगळे एका साच्यातले नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. खाणकामगारांच्या ‘युनायटेड माइन वर्कर्स’ने कोळसा फोडणाऱ्यापासून खेचरे हाकणाऱ्या पोरापर्यंत सर्वांना एकाच संघटनेत घेतले आणि काळ्यांनाही प्रवेश दिला, खाणीभोवती सगळी वस्तीच खाणीवर जगत असल्याने तेथे कसबानुसार विभागणी करून भागण्यासारखे नव्हते. १९०२ मध्ये जॉन मिचेल यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दीड लाख खाणकामगार मे ते ऑक्टोबर संपावर राहिले. थंडी तोंडावर आली, शहरांत कोळसा मिळेना, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्ये पडावे लागले आणि दहा टक्के पगारवाढ मिळाली.

रेल्वेत असाच प्रयत्न युजीन डेब्स यांनी १८९३ मध्ये केला होता. त्यांच्या ‘अमेरिकन रेल्वे युनियन’ने पुढच्याच वर्षी पुलमन डब्यांच्या कारखान्यातील संपकऱ्यांसाठी देशभरच्या गाड्या थांबवल्या; न्यायालयाच्या मनाई हुकमाने आणि केंद्राच्या फौजेने तो संप मोडला, डेब्स सहा महिने तुरुंगात गेले. त्या संघटनेने सर्वांना एकत्र आणण्याची भाषा करत असतानाच काळ्यांना प्रवेश नाकारला होता.

२७ जून १९०५ रोजी शिकागोत जी मंडळी जमली, त्यांच्यात डेब्स होते, खाणकामगारांना संघटित करणाऱ्या वृद्ध मदर जोन्स होत्या, हेमार्केट प्रकरणात फाशी गेलेल्या अल्बर्ट पार्सन्स यांच्या पत्नी ल्यूसी पार्सन्स होत्या आणि पश्चिमेकडील खाणकामगारांचे आडदांड पुढारी बिल हेवुड अध्यक्षस्थानी होते. ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या नावाने त्यांनी काढलेल्या संघटनेच्या सभासदांना लोक ‘वॉब्ली’ म्हणत. कामगारवर्ग आणि मालकवर्ग यांच्यात समान असे काहीही नाही, या वाक्याने त्यांचे घोषणापत्र सुरू होते. ते फेडरेशनला विचारत: एकाच कारखान्यात सुतार संपावर आणि लोहार करारामुळे कामावर, याला संघटना म्हणायचे की संघटित संपफोडेपणा? म्हणून कसबानुसार नव्हे तर उद्योगानुसार एकच संघटना, सर्व वर्णांना आणि वंशांना प्रवेश, वर्गणी अगदी कमी, आजारपणाचे निधी नाहीत आणि मालकाशी मुदतीचा करार कधीच नाही. करार म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत शेजाऱ्याच्या मदतीला न जाण्याचे वचन, असे त्यांचे म्हणणे.

हे धोरण कोठे शोभते आणि कोठे कोसळते, हे मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स या गिरणगावाने दाखवले. राज्याने स्त्रिया आणि मुलांचे कामाचे तास आठवड्याला ५६ वरून ५४ वर आणले आणि गिरणीमालकांनी दोन तासांचा पगार कापला. जानेवारी १९१२ मध्ये पाकिटात सुमारे ३२ सेंट कमी आले, आणि पोलिश बायकांनी माग थांबवले. वीस हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले. इटालियन, पोलिश, लिथुएनियन, सीरियन, अशा कितीतरी भाषांचे हे लोक एकत्र येऊच शकत नाहीत, असे फेडरेशनच्या वस्त्रोद्योग संघटनेचे मत होते आणि तिने संपाला विरोध केला. वॉब्लींनी प्रत्येक समाजाचे प्रतिनिधी संपसमितीत घेतले, प्रत्येक भाषण भाषांतरित करवले, अन्नछत्रे चालवली. गिरणीसमोर घोळका करायला बंदी होती, म्हणून हजारोंची साखळी गिरण्यांभोवती अखंड फिरत ठेवली. संपकऱ्यांची मुले न्यूयॉर्कच्या सहानुभूतीदार घरांत पाठवली जाऊ लागली. २४ फेब्रुवारीला स्थानकावर पोलिसांनी माता आणि मुलांना मारहाण केली आणि देश हादरला. मार्चमध्ये मालक नमले, आणि सर्वांत कमी पगार असलेल्यांना सर्वांत जास्त वाढ मिळाली.

दीड-दोन वर्षांत लॉरेन्समध्ये वॉब्लींचे नाव घ्यायला थोडेच सभासद उरले. करार नव्हता, त्यामुळे मालकांनी यंत्रांचा वेग वाढवला, कार्यकर्त्यांना वेचून काढले, मंदीचा फायदा घेतला. आणि निधी नव्हता, त्यामुळे संघटनेत राहण्याचे रोजचे कारण नव्हते. मी गॉम्पर्स यांच्या फार प्रेमात नाही, पण या ठिकाणी त्यांची कंटाळवाणी वर्गणीची वही आठवते. उलट, जेथे कामगार स्वतःच एका जागी टिकत नव्हता, तेथे वॉब्ली अधिक यशस्वी झाले. गव्हाच्या कापणीबरोबर मालगाड्यांतून राज्याराज्यांत फिरणाऱ्या मजुरांसाठी त्यांनी १९१५ पासून फिरते प्रतिनिधी नेमले, जे स्वतः मजुरी करत आणि शेतावरच सभासदत्वाचे लाल कार्ड देत. फिलाडेल्फियाच्या गोदीत बेन फ्लेचर या काळ्या कामगार नेत्याच्या पुढाकाराने काळ्या आणि गोऱ्या हमालांची संघटना १९१३ पासून जवळजवळ दशकभर बंदरावर ताबा ठेवून होती. तेथे वर्गणी नियमित भरावी लागे, हे विशेष.

पहिल्या महायुद्धात दोन्ही मार्गांचे भाग्य कायमचे निराळे झाले. गॉम्पर्स सरकारच्या सल्लागार मंडळावर बसले आणि १९२० पर्यंत फेडरेशन चाळीस लाखांवर गेली. वॉब्लींच्या कचेऱ्यांवर १९१७ च्या सप्टेंबरात देशभर छापे पडले, पुढच्या वर्षी शिकागोत सुमारे शंभर जणांना एकाच खटल्यात शिक्षा झाल्या. हेवुड यांना वीस वर्षांची, फ्लेचर यांना दहा वर्षांची. हेवुड जामिनावर असताना रशियात निसटले आणि तिकडेच १९२८ मध्ये वारले.

मोटारी, रबर, पोलाद या नव्या धंद्यांतले लाखो लोक तरीही फाटकाच्या आत असून संघटनेच्या बाहेरच होते. १९३५ च्या ऑक्टोबरात अटलांटिक सिटीतील फेडरेशनच्या अधिवेशनात याच प्रश्नावर खाणकामगारांचे जॉन लुईस यांनी सुतारांच्या संघाचे अध्यक्ष बिल हचिसन यांना भर सभेत ठोसा लगावला आणि लवकरच उद्योगनिहाय संघटनांचा वेगळा गट उभा राहिला. त्या गटाचा सर्वांत गाजलेला संप मिशिगनमधील फ्लिंट येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यांत ३० डिसेंबर १९३६ रोजी सुरू झाला. कामगार बाहेर पडलेच नाहीत. ते यंत्रांजवळ बसून राहिले, कारण यंत्राजवळ आपण बसलो असताना तेथे दुसऱ्याला आणून उभे करता येत नाही. ही युक्ती तीस वर्षे आधी, १९०६ च्या डिसेंबरात, स्केनेक्टडी गावातील जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात वॉब्लींनी वापरून पाहिली होती. फ्लिंटमधले लोक ४४ दिवस आत राहिले आणि ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीने त्यांच्या संघटनेला मान्यता देणाऱ्या लेखी करारावर सही केली.